बोंडे सरांचं हलणारं टेबल

बोंडे सरांना त्यांच्याच कॉलेजने फसवलं. सरांनी स्वतःच्या हातांनी बनवलेलं हलणारं टेबल कॉलेजने ठेवून घेतलं, भर सभेत एक शब्द दिला आणि तो मोडला. त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येक बॅचलाही फसवलं, पण त्या मुलांना ते ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. जळगावच्या बाहेर आहे एवढं पुरे. ज्यांनी उत्तर द्यायचं त्यांना मी कुणाबद्दल बोलतोय ते पहिल्या ओळीतच कळलेलं असणार.

मी लोखंडातला माणूस. धुळ्याच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शेड, माळे, टाक्यांचे स्टँड, यंत्रांचे चौथरे अशी कामं करतो. घासाघीस केल्याशिवाय मी साधी कोथिंबीर घेत नाही, आणि माझा राग किती लवकर चढतो ते माझ्या वेल्डरांना विचारा. जे मिळवलं ते भांडून मिळवलं, त्यामुळे उपकार मानायची मला फारशी सवय नाही. बोंडे सरांचे मात्र मानतो. मी उभी केलेली शेड वादळानंतरही जागेवर दिसते तेव्हा दर वेळी मानतो.

सर फैजपूरजवळच्या गावचे, घरची केळी. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला नेहमी खडूचा पांढरा डाग. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला ते स्ट्रक्चरल डायनॅमिक्स शिकवायचे. इमारत, पूल, टाकी, माळा यांच्यावर नुसतं वजन ठेवलं तर काय होतं ते आम्ही आधीची तीन वर्षं शिकलेलो असायचो. तेच वजन हलायला लागलं, वारा सुटला, यंत्र सुरू झालं, जमीन हादरली तर काय होतं, ते या विषयात. विषय ऐच्छिक होता. अवघड म्हणून मुलं टाळायची. मी घेतला त्याचं कारण सांगायला लाज वाटत नाही. दुसऱ्या विषयाचे तास सकाळी होते आणि सकाळी मी एका वेल्डिंगच्या दुकानात कामाला जायचो. मी शिरपूरकडच्या खेड्यातला, जळगावला मेहरूणमध्ये खोली करून राहणारा; सकाळची कमाई सोडणं परवडणारं नव्हतं.

पहिल्या तासाला सर प्रयोगशाळेत एक लाकडी फळी घेऊन आले. फळीवर लोखंड कापायच्या करवतीची तीन पाती उभी ठोकलेली, एक लांब, एक मध्यम, एक आखूड, आणि प्रत्येकाच्या टोकाला एक नट बसवलेला. मी मागच्या बाकावर होतो. सरांनी बोट माझ्याकडेच केलं.

"तू सांग भो. मी फळी हलवली तर कोण नाचेल?"

"तिन्ही नाचतील."

"सारखीच?"

"लांब पातं जास्त. ते नाजूक आहे."

"लिही."

"कुठे?"

"भिंतीवर. नावासकट."

मी खडूने भिंतीवर लिहिलं. सरांनी फळी सावकाश मागेपुढे केली. लांब पातं डोलायला लागलं. मी वर्गाकडे ऐटीत पाहिलं. मग सरांनी हात थोडा भराभर केला. लांब पातं जवळजवळ गप्प झालं आणि मधलं असं उसळलं की शेजारच्या पात्यांवर थाड थाड आपटायला लागलं. आणखी भराभर केल्यावर मधलंही शांत आणि आखूड पातं पिसाळलं.

"मी जोर वाढवला का?" सरांनी विचारलं.

 जोर तेवढाच होता. फळी तेवढीच सरकत होती.

"किती जोरात हलवलं ते कुणीही विचारतं. मिनिटाला किती वेळा हलवलं, ते विचारायला शिका."

माझं उत्तर वर्षभर भिंतीवर राहिलं. चुकीचं उत्तर पुसायचं नाही हा सरांचा नियम होता. प्रयोगाआधी प्रत्येकाने अंदाज नावासकट भिंतीवर लिहायचा, बरोबर आले की पुसायचे, चुकलेले तसेच ठेवायचे. दिवाळीपर्यंत ती भिंत भरून जायची. सगळ्यात जास्त वेळा माझं नाव असायचं. मी एकदा चिडून म्हणालो, "सर, ही काय आमची बेअब्रू?" तर म्हणाले, "अरे, बरोबर उत्तरं पुस्तकात छापलेली आहेत. ही कुठे मिळतील?"

सर गणिताच्या विरोधात होते असं कुणी समजू नये. फळा भरभरून समीकरणं लिहायचे. पण आधी हात, मग फळा. बाकीचे शिक्षक उलट करायचे आणि बहुतेक जण फळ्यावरच थांबायचे. विद्यापीठाच्या पेपरात सिद्धता यायची, आम्ही ती पाठ करायचो, पास व्हायचो. पुढे नोकरीत सॉफ्टवेअर उत्तर द्यायचं. मधे कुठेही कुणाच्या तळव्याला काही जाणवायची सोय नव्हती. सरांचा सगळा झगडा त्या मधल्या जागेसाठी होता.

त्यांना एक खोडच होती. दिसेल त्या गोष्टीवर तळवा ठेवायचे. टाकीचा खांब, पुलाचा कठडा, पिठाच्या गिरणीची भिंत. एकदा आम्ही एसटीने धुळ्याला चाललो होतो. खिडकीची काच खडखडत होती. सरांनी काचेवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "आता ड्रायव्हर गिअर बदलेल आणि ही गप्प होईल, पाहा." गिअर बदलला. काच गप्प झाली आणि पुढच्या सीटखालचा पत्रा वाजायला लागला. सरांना एवढा आनंद झाला की शेजारचे आबा सरकून बसले. काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, सांगायच्या, "आमच्या लग्नातसुद्धा हे मांडवाच्या खांबाला हात लावून उभे. बँडवाल्यांना म्हणे जरा हळू वाजवा, खांबाला बरं वाटत नाहीये."

एका रविवारी ते आम्हाला आपल्या केळीच्या बागेत घेऊन गेले. बाग त्यांचे थोरले भाऊ बघायचे, सगळे त्यांना नाना म्हणायचे. एवढी शहरी पोरं पाहून नानांनी कमरेवर हात ठेवले.

"काहून रे, केयी पाहाले आनली ही पोरं का हालवाले?"

"हालवाले," सर म्हणाले.

"घड पडला तं तुह्या पगारातून भरजो."

सरांनी आम्हाला दोन झाडं दाखवली. एक घड न आलेलं, दुसऱ्यावर वर जड घड लोंबत होता. दोन्हींना हलका धक्का द्यायचा आणि घड्याळात हेलकावे मोजायचे. बिनघडाचं झाड झरकन मागेपुढे होऊन थांबलं. घडाचं झाड आळसावल्यासारखं गेलं, आळसावल्यासारखं परत आलं.

"वजन वर बसलं की ताल संथ होतो. हे फळ्यावर लिहायला मला अर्धा तास लागतो," सर म्हणाले. "आणि पानं पाहिलीत? ती हवा कापतात आणि हेलकावा खाऊन टाकतात. वारा हेलकावे देतो, पानं ते खातात. खाणं कमी पडलं की झाड आडवं."

नाना ऐकत होते. म्हणाले, "म्हनून आम्ही झाडाले झाड बांधतो. त्याले कॉलेजात जा लागते का?"

सर खो खो हसले. वहीत त्यांनी नानांचं वाक्य लिहून घेतलं आणि सोमवारी वर्गात त्याच्यावर पूर्ण तास घेतला. झाडाला झाड बांधलं की काय बदलतं, दोन्ही एका तालात कशी येतात, कुठली दोरी कामाची आणि कुठली नुसती दिखाऊ. फळ्यावर वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, नानांचा प्रश्न. पुढे शेडचे खांब एकमेकांना आडव्या तिरक्या पट्ट्यांनी बांधताना माझ्या डोळ्यांसमोर कायम ती बाग असते.

टेबलाची कल्पना त्याच वर्षीची. मोटरने मागेपुढे सरकणारा एक सपाट लोखंडी पाट, त्याचा वेग बटणाने कमीजास्त करायचा, वर पट्ट्यांच्या छोट्या इमारती बसवायच्या आणि कुठल्या वेगाला कुठला मजला नाचतो ते बघायचं. मोठ्या संस्थांमध्ये असली टेबलं असतात, पण ती परदेशी. कॉलेजने सांगितलं, अशा गोष्टीला तरतूद नाही. सर मला म्हणाले, "तुला भंगारबाजार माहीत आहे ना? चल."

धुळ्याच्या भंगारबाजारात शिरण्याआधी मी त्यांना बजावलं, "सर, आत तोंड उघडायचं नाही. मी बोलेन. तुम्ही फक्त वैतागलेलं दिसा."

"वैतागलेलं म्हणजे?"

"म्हणजे माझ्यासारखं."

सरांनी मान हलवली. आत गेल्यावर दहा पावलांवर त्यांना एका जुन्या यंत्राचा पाट दिसला. झटक्यात खाली बसले, त्यावर तळवा फिरवला आणि मोठ्याने म्हणाले, "अरे वा! किती सपाट! असा पाट आख्ख्या खानदेशात नसेल!"

दुकानदार चाचांनी चष्मा वर केला. "देखा? साहब को माल की पहचान है."

गेला सौदा. मी सरांना दंडाला धरून बाहेर चहाच्या गाडीवर बसवलं आणि परत येऊन तासभर चाचांशी भांडलो. दोनदा निघून गेलो, दोनदा त्यांनी बोलावलं. पाट घेतला, रुळाच्या पट्ट्या घेतल्या, बेअरिंगं घेतली. एक जड चाक हवं होतं, त्याच्यावर चाचा हटून बसले. घाम पुसत बाहेर आलो तर सर गाडीवर नव्हते. ते मागच्या बाजूने दुकानात शिरले होते आणि चाचांना सांगत होते की ट्रक गेला की तुमच्या छपराचा हा पत्रा का वाजतो आणि कुठे एक बोल्ट मारला की वाजणार नाही. चाचा स्वतः शिडीवर चढले. बोल्ट बसला. रस्त्यावरून ट्रक गेला, पत्रा गप्प राहिला. खाली उतरून चाचांनी ते जड चाक उचललं आणि सरांच्या पायाशी ठेवलं. "ये ले जाओ, मास्टरजी. बरसों से सिर खा रहा था ये पत्रा."

परतीच्या वाटेवर मी सरांशी बोललो नाही. सर मात्र दोनदा विचारत होते, "चाचांना तोटा नाही ना झाला रे?"

ते टेबल उभं करायला आम्हाला आख्खी सुट्टी लागली. सुरू झालं त्या दिवशी सरांनी बटण स्वतः फिरवलं नाही. वर्गातल्या प्रत्येकाला एकेक करून बोलावलं. वेग चढवत न्यायचा, मजला जोरात नाचायला लागला की थांबायचं, आकडा लिहायचा, मग आणखी चढवून तो शांत होताना बघायचा. एकाने सांगितलं आणि दुसऱ्याने लिहून घेतलं, हे सरांना चालायचं नाही. "त्याच्या हाताला कळलं. तुझ्या हाताला कुठे कळलंय?" आजारी असलेल्या एका मुलासाठी त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं जुळवलं.

या शिकवणीची किंमत मला कळली ती मात्र बऱ्याच वर्षांनी, एका डाळमिलमध्ये. मिल धुळ्यातली, मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. डाळ चाळायची मोठी चाळणी त्यांना वरच्या माळ्यावर बसवायची होती. माळा मी केला. चाळणी सुरू झाली आणि माळा थरथरायला लागला. अण्णांचा फोन आला.

"भाऊ, तुन्हं लोखंड नाची ऱ्हायनं!"

मला राग आला. माझं लोखंड म्हणजे मी स्वतः. दुसऱ्या दिवशी माणसं लावली, तुळयांना जोड दिले, तिरक्या पट्ट्या मारल्या, माळा आधीपेक्षा कितीतरी भक्कम केला. चाळणी सुरू केली. माळा एवढा हादरला की वरची दोन माणसं शिडीने उतरायच्या ऐवजी पोत्यांच्या थप्पीवर उड्या मारून खाली आली. अण्णा दारातून म्हणाले, "आते तर बठ्ठंच नाची ऱ्हायनं. आनखी टाक लोखंड!" बठ्ठंच म्हणजे सगळंच.

त्या दिवशी माझी अब्रू जायची वेळ आली होती. मी सरांना फोन केला. ते दुपारच्या एसटीने आले, खांद्याला शबनम पिशवी. माळ्यावर गेले, तळवा ठेवला, खाली आले आणि माझ्याऐवजी अण्णांना विचारायला लागले.

"अण्णा, पहिल्यांदा जेव्हा माळा कच्चा होता, तेव्हा चाळणी बंद करताना काय व्हायचं?"

अण्णांनी आठवून सांगितलं, "चालतांना थोडं थोडं. पन बंद करी का थांबता थांबता एक मोठा हादरा ये."

"आणि आता?"

"आते चालतांनाच जीव जास. बंद करी का लगेच शांत."

सर माझ्याकडे वळले. रागावले नाहीत, पण हसत होते ते मला जास्त लागलं. "कळलं का? आधी माळ्याचा ताल चाळणीपेक्षा संथ होता. चाळणी थांबताना तिचा वेग उतरत जायचा, माळ्याच्या तालातून जायचा, तेवढाच हादरा. तू लोखंड टाकून माळा ताठ केलास. ताठ केलं की ताल चढतो. तू त्याला उचलून बरोबर चाळणीच्या तालात नेऊन बसवलंस."

"मग लोखंड काढू?"

"अर्ध्यात कशाला परततोस? पुढे जा. मधोमध एक खांब दे. ताल एवढा वर जाईल की चाळणी तिथे पोचणारच नाही."

अण्णांनी खांबाला विरोध केला, हातगाडी जायला जागा हवी म्हणून. पाऊण तास आमची तिघांची बाचाबाची झाली आणि खांब हातभर सरकवून बसवायचं ठरलं. त्यावर सरांनी पिशवीतून कागद काढून हिशेब केला, चालेल म्हणाले. संध्याकाळी चाळणी सुरू झाली. अण्णांनी माळ्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि आम्ही चौघं-पाच जण त्या पेल्याकडे बघत उभे राहिलो. पाण्यावर बारीक शहारा होता, थेंब सांडला नाही. अण्णा सरांना घरी जेवायला घेऊन गेले. मला बोलावलं नाही.

भक्कम म्हणजे सुरक्षित, हे मी कॉलेजात तीन वर्षं शिकलो होतो आणि धंद्यात रोज विकत होतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं शिकवणारा माणूस मला भेटला नसता तर त्या मिलमध्ये कुणीतरी चिरडलं गेलं असतं. कृतज्ञता हा शब्द मला लिहिता येतो, बोलता येत नाही. सर निवृत्त झाले त्या दिवशी मी सगळ्यात मोठा हार घेऊन गेलो होतो, एवढंच.

त्या निरोप समारंभात सरांनी टेबल रीतसर कॉलेजला दिलं. ते त्यांचं स्वतःचं होतं. घरी नेलं असतं तर कुणी अडवलं नसतं. भाषण दोन मिनिटांचं केलं आणि एकच अट घातली: या विषयाच्या प्रत्येक मुलाने वर्षातून एकदा तरी स्वतःच्या हाताने बटण फिरवावं. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मी जाहीरपणे शब्द देतो. हे टेबल आणि ही पद्धत, दोन्ही चालू राहील." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तेच विभागप्रमुख आज प्राचार्य आहेत.

सर मेहरूणला तलावाजवळ राहतात. मी जळगावला गेलो की भेटतो. चहा येण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "यंदाच्या बॅचने टेबल चालवलं का रे?" मी म्हणायचो, "चालवलं असेल की." मला काय माहीत होतं.

गेल्या वर्षी मी एक नवी इंजिनिअर नेमली, कल्याणी. त्याच कॉलेजची, हाच विषय घेतलेली. मी खुश होऊन विचारलं, "मग कुठल्या वेगाला वरचा मजला नाचला?"

"जर्नलमध्ये आहे, सर. बघून सांगते."

"बघून? हाताला कळलं नाही?"

तिला प्रश्नच समजला नाही. दुसऱ्या दिवशी तिने जर्नल आणलं. आकड्यांचा तक्ता मी वाचला आणि तिसऱ्या ओळीवर थांबलो. तो आकडा चूक होता, आणि ती चूक माझी होती. आमच्या बॅचला तिसऱ्या वेळी मोटरचा पट्टा घसरला होता आणि मी तसाच आकडा लिहिला होता. सरांनी तो खोडू दिला नाही, शेजारी 'पट्टा घसरला' असं लिहायला लावलं आणि कागद फायलीत ठेवला. कल्याणीच्या जर्नलमध्ये माझा चुकीचा आकडा दशांश चिन्हासकट होता. शेजारची टीप तेवढी नव्हती.

"हे आकडे कुठून आले?"

"फायलीतून देतात, सर. सगळेच उतरवतात."

"आणि टेबल?"

"टेबलाचा व्हिडिओ दाखवतात." माझा चेहरा बघून ती घाबरली. "खरं टेबल असतं, सर? आम्हाला वाटलं सगळीकडे असंच असतं."

तिच्यावर मी ओरडलो नाही. हे लिहून ठेवतो, कारण माझ्या वर्कशॉपमध्ये कुणाला ते खरं वाटत नाही.

मेहरूणला जाऊन सरांना सगळं सांगितलं. ते उठले. मग चप्पल शोधायला लागले. "चल, पाहून येऊ."

प्रयोगशाळेची ती अंदाजांची भिंत गुलाबी रंगाने रंगवलेली होती. टेबलाच्या जागी मोठा टीव्ही होता. तिथल्या सहायकाने व्हिडिओ लावून दिला. पडद्यावर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे सर, केस काळे, हात हलवून काहीतरी समजावत होते. आमचे म्हातारे सर खाली उभे राहून बघत होते.

"याला आवाज नाही का?" त्यांनी विचारलं.

"स्पीकर गेलाय, सर. पण आकडे खाली येतात."

टेबल जनरेटरच्या खोलीमागे सापडलं. मोटर काढून नेलेली, रूळ गंजलेले, आणि पाटावर रांगेत शेवंतीच्या कुंड्या. सरांनी वाकून एक कुंडी थोडी आत सरकवली, कडेला आली होती म्हणून. माझं डोकं फिरलं. त्यांना तिथेच सोडून मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये घुसलो.

प्राचार्य शांत होते. त्यांचं म्हणणं न्यायाने लिहितो. अभ्यासक्रम बदलला, प्रात्यक्षिकाचे तास कमी झाले, एका वेळी टेबलापाशी पाच-सहा मुलं उभी राहतात आणि वर्ग मोठा आहे, परीक्षेत टेबलावर प्रश्न येत नाही, सॉफ्टवेअरमध्ये सगळं दिसतं. मग ते हसून म्हणाले, "तुम्ही आता मोठे उद्योजक. देणगी द्या. नवीन टेबल आणू, तुमच्या नावाची पाटी लावू."

"नवीन नको," मी म्हणालो. "पाटी नको. जुन्यावरच्या कुंड्या उचला. मोटर मी बसवून देतो, रूळ मी साफ करतो. तुम्ही फक्त मुलांना त्याच्यापर्यंत जाऊ द्या."

आयुष्यभर सौदे करतोय. यापेक्षा कमी मी कुणाकडे कधी मागितलं नाही. प्राचार्य म्हणाले, "बघू, समितीपुढे ठेवावं लागेल." मी त्यांच्या टेबलावर हात आपटला, आवाज चढला, शिपाई आत आला. मी बाहेर पडलो.

सर जनरेटरपाशी नव्हते. मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर मुलांचा घोळका दिसला आणि त्याच्या मधे सरांचं पांढरं डोकं. त्यांनी चार-पाच मुलांच्या ओळखपत्रांच्या फिती एकीला एक बांधल्या होत्या आणि टोकाला पाण्याची अर्धी भरलेली बाटली लटकवली होती. एक मुलगा वरची फीत धरून हात सावकाश मागेपुढे करत होता, बाटली त्याच्याबरोबर जात होती. "थोडं भराभर," सर म्हणाले. बाटली उसळली, पोरं ओरडून मागे सरली. "आणखी भराभर." हात जोरजोरात चालला होता आणि बाटली हवेत जवळजवळ जागच्या जागी होती. "अय्या, थांबली!" कुणीतरी म्हणालं. लगेच सगळ्यांचे हात पुढे आले. तासाची घंटा झाली. कुणी हललं नाही.

सरांनी मला पाहिलं. आत काय झालं ते विचारलं नाही. कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका लाजाळू मुलीकडे बोट करून म्हणाले, "थांब भो, हिची बारी राहिलीय." आणि फीत तिच्या हातात दिली.

सर तुम्हाला विचारायला येणार नाहीत, प्राचार्य साहेब. त्यांचा तो स्वभाव नाही. माझा आहे. म्हणून मी विचारतो. तुमच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या त्या मुलांना, ज्यांनी वर्षभर जर्नल भरलं आणि एकदाही काही हलवलं नाही, तुम्ही इंजिनिअर म्हणून बाहेर पाठवणार. ती उद्या पूल बांधतील, टाक्या बांधतील, त्यांच्याखाली माणसं उभी राहतील. भर सभेत माइकवर दिलेला शब्द तुम्ही कुणाला विचारून मागे घेतलात? लेखी सांगा, नाहीतर समोर बसून सांगा. समितीला सांगून चालणार नाही. बोंडे सरांना सांगा, आणि ते आहेत तोवर सांगा.